कापसाची बुचं

३ फेब्रुवारी, मंगळवार
शी! आज प्रयोगशाळेत पुन्हा तळ्यातला गाळ आला. बादलीभर. काळा, बुळबुळीत, वर तवंग. बादलीचं झाकण काढलं आणि भूकच मेली. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला. नवऱ्यानं दारातच नाक मुरडलं — "आधी अंघोळ, मग बोलू." केस पुन्हा पुन्हा धुतले, तरी वास येतोच.

कारखाना यंत्रं धुतलेलं सॉल्व्हंट — तेल-ग्रीस विरघळवणारं रसायन — वर्षानुवर्षं त्या तळ्यात सोडतोय. काठावरच ताईचं घर. ते विष खाणारा जंतू त्याच गाळात कुठंतरी असणार, तो शोधणं माझं काम. ताईला वाटतं, मी हात लावला की तळं सुधारेल.

६ फेब्रुवारी
काचेच्या बशांवर गाळातले जंतू उगवले. पिवळे, करडे, एक तर थेट शेंबूड — बशी कलती केली की ओघळतो. दिवसभर हे बघायचं आणि वर लोक विचारतात, भूक का लागत नाही!

प्रत्येकाला चंबूत विष घालून दिलंय. तोंडाला कापसाचं बूच, जंतूंना हवा लागते म्हणून. शिकत होते तेव्हापासून कापूसच लावत आलेय.

१२ फेब्रुवारी
शेंबड्यानं बाजी मारली! त्याच्या चंबूत विष जवळजवळ नाहीच. बाकीच्यांनीही थोडंफार खाल्लेलं दिसतंय.

आमचे साहेब अत्तराचा रुमाल नाकाला लावल्याशिवाय इकडे फिरकत नाहीत, म्हणून अत्तरसाहेब. आज रुमाल खिशात! तिथूनच कारखान्याच्या मॅनेजरला फोन. मी म्हटलं, "सर, बिनजंतूचा चंबू लावायचा राहिलाय. तुलनेला तो हवा."

"अहो, जंतूच नसेल तर विष खाणार कोण?"

मी वही मिटली. संध्याकाळी गुपचूप तो चंबू लावून आले.

१७ फेब्रुवारी
शेंबड्याला तळ्यात सोडलं. त्याला हवा मिळावी म्हणून काठानं पंप बसवलेत, पाणी नुसतं उकळल्यासारखं खदखदतंय. फोटो झाले. अत्तरसाहेबांचा घामट हात माझ्या खांद्यावर. ताई बायकांना सांगत होती, "ही माझी धाकटी." मीही फोटोत हसले.

२० फेब्रुवारी
बिनजंतूचा चंबू तपासला. त्यातही विष नाही.

पुन्हा तपासला. नाही!

खाल्लं कुणीच नाही. कापसातून उडून गेलं, बस्स. शेंबड्याचं बूच सगळ्यांत सैल होतं, एवढाच त्याचा पराक्रम. आणि तळ्यावर आम्ही रात्रंदिवस पंप चालवतोय — ते सगळं हवेत उडवायला.

अत्तरसाहेबांना सांगितलं. "पाण्यात आहे का?" "नाही, पण हवेत—" "आपल्याला काम पाण्याचं दिलंय." आणि चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा! गाळाची कधी इतकी किळस आली नव्हती. त्यांची आली, माझी त्याहून जास्त. त्या दिवशी या चंबूसाठी अडून बसले असते तर?

उद्या सकाळीच ताईकडे जाते. कसं सांगू?

२१ फेब्रुवारी
निघणार तोच ताईचा फोन. "अगं, तळ्यावरचा तवंग गेला! वास तेवढा आता घरात येतोय, बाळ रात्रभर खोकत होतं. पंप कमी पडत असतील. आणखी लावायला सांग ना — आम्ही सगळ्यांनी अर्जावर सह्या केल्यात, वर तुझं नाव घातलंय."