वीतभर जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू, आठवतील तशा: दोन दारांचं कपाट, हिचं शिवणाचं टेबल, मेहुण्याच्या मुलीचा पाळणा, सासऱ्यांची काठी (मूठ त्यांच्या पंजाच्या मापाची), चौदा खुर्च्या, माळ्यावर चढायचा एक जिना आणि ही वही ठेवायची पेटी. शिकवायला कोणी नव्हतं. चुकलं, मोडलं, पुन्हा केलं. आज आम्ही स्वतःच्या घरात आलो, एकावन्नाव्या वर्षी का होईना. आता यादी वाढणार.

घर बैठं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अरुंद बोळ. ओळंबा लावून पाहिला, भिंती सरळ आहेत. सामान उतरवल्यावर तासाभरात ही ओट्याशी गुणगुणायला लागली, म्हणजे घर पसंत पडलं.

खटकलं ते एकच. भिंतींच्या पायाशी, जमिनीलगत फिरणारी चार इंची लाकडी पट्टी, जिला स्कर्टिंग म्हणतात, तिची रया गेली आहे. रंगारी म्हणाला, एका दिवसात उरकून देतो. ‘उरकून’ म्हटल्याबरोबर मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मागच्या खोलीत, दाराआडच्या कोपऱ्यापासून एकोणीस इंचांवर, ही पट्टी वीतभर तुटलेली आहे आणि तेवढ्या जागेतली भिंतीची एक वीटही निघालेली आहे. किल्ल्या देताना जुन्या मालकीणबाईंनी मुद्दाम ती जागा दाखवली. सासूबाईंच्या वेळेपासून अशीच आहे, तुम्हीही राहू द्या, म्हणाल्या. त्याबद्दल काही देऊही करत होत्या. ते वहीत लिहिण्यासारखं नाही. अर्धवट काम माझ्या घरात राहत नाही, एवढं सांगितलं आणि किल्ल्या घेतल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

सगळ्या पट्ट्या खरवडल्या, पॉलिश पेपर मारला, खिळ्यांच्या खड्ड्यांत पुट्टी भरली. दिवसभर पोटावर झोपून काम. ही झाडू घेऊन आली आणि म्हणाली, लग्नाआधी मला इतकं निरखून पाहिलं असतंत, तर आपण दोघंही सुटलो असतो.

त्या भोकाशी गार वारा लागतो. मी अंदाजावर चालणारा माणूस नाही. काडीला शिवणाचा दोरा बांधून भोकासमोर धरला. सकाळी दहाला दोरा खोलीच्या आत झुकला. संध्याकाळी सहाला भोकाकडे ओढला गेला. मागच्या बोळात जाऊन बाहेरून भिंत तपासली. अखंड. भेग नाही, भोक नाही. भिंत मधून पोकळ असणार. दुसरं काय?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काम झालं! नवी वीट घासून मापाची केली, भिजवली, सिमेंटमध्ये बसवली, वरून गिलावा. त्यावर जोडपट्टी नाही लावली. त्या भिंतीची जुनी पट्टीच काढून टाकली आणि बारा फूट तीन इंचांची एकसंध नवी ठोकली. वीट बसवली तेव्हा सव्वादहा वाजले होते आणि दोरा आत झुकलेला होता. वीट बसली आणि दोरा सरळ लोंबला. रंगाचा पहिला हात संध्याकाळपर्यंत झाला. भोक कुठे होतं ते उद्या मलाही सांगता येणार नाही.

हिला दाखवलं. छान आहे म्हणाली. खोलीत कोंदट वाटतं, असंही म्हणाली. रंगाचा वास आहे तो.

८ नोव्हेंबर, शनिवार

ओल्या रंगात कोणीतरी बोटं ओढली आहेत. तीन समांतर चरे, मधला सर्वांत आखूड. नवीन पट्टीच्या एका टोकापासून निघालेत आणि बरोबर एकोणीस इंचांवर थांबलेत. तिथे लाकडावर बारीक बारीक टोचे, वीतभर जागेत शंभरेक.

मी हिच्यावर ओरडलो. हिने दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. माझ्या बोटांना रंग दिसला तर सांगा, म्हणाली, आणि मधलं बोट कोणाचं आखूड असतं हो?

चरे घासले. दुसरा हात दिला.

९ नोव्हेंबर, रविवार

ही दुकानात गेली होती. घरात मी एकटा. तिन्ही खोल्यांच्या पट्ट्या ओल्या.

तासाभरात सगळीकडे चरे. प्रत्येक खोलीत भिंतीला धरून एक फेरी, प्रत्येक कोपऱ्यात थांबून टोचे. अंधारात दार चाचपावं तसं. शेवटी सगळ्या फेऱ्या त्याच ठिकाणी, एकोणीस इंचांवर.

उंदीर नाही. उंदराच्या पायाचं माप मला माहीत आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

हिने मला न विचारता मालकीणबाईंना फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला म्हणे: बुजवलं ते सकाळी की संध्याकाळी? ही म्हणाली, सकाळी. त्यावर बाई म्हणाल्या की दिवसभर ते घरातच असतं, संध्याकाळी जातं, तेवढीच वाट होती त्याला. आणि रडायला लागल्या.

मी म्हटलं, म्हातारपणी माणसं काहीही बोलतात. ही म्हणाली, उघडा ते. आजच.

चार दिवस खपून केलेलं काम आहे. तिसरा हात अजून द्यायचाय. उद्या बघू म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल तिसरा हात दिला. आज चरे नाहीत. कुठेच नाहीत. पट्टी आरशासारखी. मी जिंकलो, असं सकाळी वाटलं होतं.

ही सकाळपासून मागच्या खोलीत, त्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसली आहे. गुणगुणत नाही. तोंड उघडं आहे. मी जबडा धरून मिटवायला गेलो, मिटत नाही. डोळ्यांतून पाणी येतंय, मला ओळखते, माझं मनगट घट्ट धरते. बोलता येत नाही.

डॉक्टर आले. जबडा सटकलेला नाही म्हणाले. इंजेक्शन देऊन गेले.

हिच्या तोंडातून गार वारा येतोय.

दोरा धरला. ओठांसमोर. छाती वर जाते, खाली येते, पण दोरा हलत नाही. एकाच बाजूला झुकलेला. बाहेर, माझ्याकडे.

संध्याकाळी सहाला उलटला. आत. दोरा आत ओढला गेला, काडी माझ्या हातातून—

वाट शोधली त्याने. मी सगळ्या बुजवल्या म्हणून—

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

उघडतोय. पहार, पटाशी, हातोडा. नवीन पट्टी उखडली, तुकडे केले. एकोणीस इंचांवर गिलावा फोडला. माझी वीट असायला हवी होती. माझी वीट घासलेली होती, पाव इंच कमी.

तिथे जुनी वीट. अख्खी. शेजारच्या विटांसारखी, त्याच जुन्या चुन्यात.

वही काढून माप पाहिलं. एकोणीस. माझं माप चुकत नाही.

दुपार

अख्ख्या भिंतीचा गिलावा फोडला. बारा फूट तीन इंच. सगळ्या विटा जुन्या. दोन विटा काढल्या आणि मागचा बोळ दिसला. उन्हासकट. मधे पोकळी नाही. भोक कधी नव्हतंच अशी भिंत. सांधा सापडत नाही.

तिला त्या खिंडारापाशी आणून बसवलं. म्हटलं, जा. हात जोडले. जा, इथून जा.

दोरा माझ्याचकडे.

सहाला दहा कमी

सहा वाजले की उलटेल. काल उलटला तेव्हा हिचे गाल आत गेले होते. आज त्याला जायचंय आणि तिच्यातून जावं लागणार—

ही माझ्याकडे बघतेय. हीच बघतेय, अजून. तीन बोटांनी माझी बाही धरली आहे. मधलं बोट मुडपलंय.

सहाला चार कमी

लिहून ठेवतो, म्हणजे कोणी विचारलं तर. त्या दिवशी मालकीणबाई पाया पडल्या होत्या. ती जागा उघडी ठेवीन एवढं कागदावर लिहून द्या, किमतीतले पंच्याहत्तर हजार कमी करते, म्हणाल्या. हिने माझा सदरा मागून ओढला होता, घ्या हो म्हणून. पंच्याहत्तर हजार, वीतभर जागेचे. आणि मी म्हटलं, अर्धवट काम—

दोरा