एफ्रम व इतर मालमत्तेबाबत

मी, डॉर्कस टर्ली, वय शेहेचाळीस, वर्णाने काळी, जन्माने स्वतंत्र, धंदा धुणं व इस्त्री, राहणार अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तब्येत ठणठणीत आहे. कुणी बळजबरीने लिहवून घेतलेलं नाही; उलट नवरा मघापासून ‘लिहू नकोस’ म्हणतो आहे.

१. दोन खोल्यांचं घर मुलगी केझाया हिला. औषधवाले जोनस हॅडली यांनी तिच्यासाठी ते सांभाळावं. विकायचा वा गहाण टाकायचा अधिकार जावई सायलस याला नाही. त्याला माझा आरसा. त्याने त्यात रोज पाहावं.

२. इस्त्र्या, खळीची पातेली आणि गिऱ्हाइकं शेजारीण मटिल्डा हिला. कर्नलीणबाईंचे पडदे मात्र तिने घेऊ नयेत. बाई पडदे मेणबत्तीने जाळतात आणि नाव इस्त्रीचं घेतात.

३. एफ्रम. माशांची पिंपं बनवणारा, माझा नवरा. कायद्याने माझी मालमत्ता. बारा वर्षांपूर्वी मी त्याला त्याच्या मालकाकडून विकत घेतलं. मुक्त केलं असतं तर वर्षाच्या आत त्याला कायद्याने व्हर्जिनिया सोडावं लागलं असतं. म्हणून कागदावर मालकीण राहिले, घरात बायको. दोघंही म्हणायचो, वरच्या लोकांचं गुलामगिरीवरून चाललेलं भांडण एकदा मिटू दे, मग बघू.

गेल्या महिन्यात ते मिटवायला राज्याराज्यांतले वयस्क गृहस्थ नदीपलीकडे वॉशिंग्टनच्या हॉटेलात जमले. काहींचे सदरे माझ्याकडे धुवायला होते. केंटकीचे एक जज्ज, स्वभावाने गोड, म्हणाले, “डॉर्कस, घाबरू नकोस. नकाशावर रेघ ओढतोय. रेघेखालच्या गुलामगिरीला कुणी हात लावायचा नाही. लढाई टळली समज.”

“आणि आम्ही, साहेब?”

“तुम्ही आहात तिथेच राहाल!” फार खुशीत सांगितलं त्यांनी.

परवा सिनेटने ती रेघ फेटाळली. गाव सुतकात असल्यासारखं आहे. मला मात्र कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

एफ्रम म्हणतो, “काही लिहूच नकोस. तू गेलीस की मी वारशाने केझायाकडे जाईन. इथेच पिंपं ठोकत बसेन.”

“केझायाचं ते सायलसचं. पत्त्यांत हरला की तुला गुलामांच्या दलालाच्या कोठडीत नेऊन उभा करील. फिलाडेल्फियात माझी बहीण आहे.”

“तिथली थंडी! आणि पिंपांत काय, बर्फ भरू?”

“तिथेही लोक मासे खातात, एफ्रम.”

तर, माझ्या मृत्यूच्या क्षणापासून एफ्रम मुक्त.

हे वाक्य त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो हसला. “म्हणजे यापुढे तू खोकलीस की मी खूश व्हायचं?”

थट्टाच केली त्याने. मला हसू आलं नाही. त्याच्या मुक्तीचं वरचं वाक्य खोडलं आहे असं समजावं.

उद्या कोर्ट उघडताच मी त्याच्या मुक्तीचा कागद जिवंतपणीच नोंदवणार आहे. राज्य सोडायचं तर दोघंही सोडू. बहिणीला तसं कळवलं आहे. नोंद झाली की हे कलम रद्द; कुणाच्या नावे करून द्यावा असा माणूस माझ्याजवळ उरणार नाही.

वरचं सगळं पुन्हा वाचलं. त्यातला शब्द न् शब्द माझा आहे.

सही: डॉर्कस टर्ली
साक्षीदार: जोनस हॅडली, रूथ हॅडली
अलेक्झांड्रिया, ६ मार्च १८६१