राखण कोण देतं

बाबा,

गेल्या मंगळवारी संध्याकाळी पावणेसात वाजता मला कळलं, की तुम्ही माझ्याशी खोटं बोलला होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्याशी भांडायचं तर साक्षीदारही उरलेला नाही. म्हणून लिहिते आहे. तक्रार नेहमी लेखी करावी हे मला नन्सनी शिकवलं, आणि सावंतवाडीला त्यांच्या शाळेत मला तुम्हीच नेऊन सोडलं होतंत.

काकी गेली आणि घर नि काजूची बाग माझ्याकडे आली. मी मुंबईहून आले ती विकायलाच. कट्टा गावचा जमिनीचा दलाल पहिल्याच दिवशी ओटीवर हजर. "म्याडम, ईकून मोकळे व्हा. तिन्हीसांजेक बागेत कोणतरी फिरता. एकट्या बाईमाणसाचा काम न्हय." मी म्हटलं, जन्मभर दहावीचे वर्ग सांभाळलेत, भुतं त्यांच्यापेक्षा शिस्तीची असतील. पण तो सांगत होता ते खरं निघालं. सकाळी बघावं तर राखणदार देवाच्या दगडावर ताजं जास्वंद, वाटेवरचा पाला झाडलेला. संध्याकाळी झाडांमधून बॅटरीचा उजेड सरकायचा आणि मी दार उघडलं की विझायचा. दोन संध्याकाळी मी कडी लावून आत बसले, आणि बसले याचाच संताप आला. मंगळवारी दाराचा अडसर उचलला आणि सरळ बागेत गेले.

दगडापुढे एक म्हातारा पाठमोरा उभा. पुढ्यात नारळ, पायाशी बांधलेला कोंबडा. जमिनीच्या राखणदाराला वर्षाचा मान, राखण, देत होता, माझ्या जमिनीत, मला न विचारता! गाऱ्हाणं एकानं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. हा एकटाच दोन्ही म्हणत होता. "बा देवा म्हाराजा, ह्या घराची लेक इलेली आसा. तिका हय बरा वाटांदे. तिच्या हातान ह्या घरात रोज दिवो लागांदे. व्हय म्हाराजा."

"कोण ते?" मी ओरडले.

तो वळला. "वळाखलंस नाय? अगो, तो अडसर खाली ठेव आधी. देवासमोर मारामारी नको."

वरच्या घरातला. तोच, ज्यानं तरुणपणी मला मागणी घातली होती.

"चोरासारखे कशाला येता?"

"तुका तोंड कसा दाखवू? तूच नाय म्हटलंस."

"मी कधी नाही म्हटलं?"

"तुज्या बापाशीन सांगल्यान. जाताना माजो हात धरून म्हटल्यान, लेकीन नाय म्हटला म्हणान राग धरू नको, राखण चुकव नको."

"आणि तुम्ही ऐकलंत? मला येऊन विचारलं का नाही?"

"तुया खंय इचारलंस?"

मी अडसर खाली ठेवला, बाबा.

तो दिवस मला आजही दिसतो. तुम्ही स्वयंपाकघरात हाताला खोबरेल चोळून फणस कापताय. मान वर न करता म्हणताय, "वरच्या घरची मानसा नको म्हणतत. तेंका विंग्रजी बोलणारी सून नको." मी रडायला लागते तर वर दरडावताय, "कॉन्व्हेंटात शिकलंस ना? मगे रडतंस कित्या? नोकरी कर." आणि सगळ्यात मोठा गरा माझ्या ताटलीत टाकताय. मी तो खाल्लाही!

म्हणजे त्याला सांगितलंत की मी नको म्हणते आणि मला सांगितलंत की ते नको म्हणतात. दोन्ही घरं गप्प, आणि मधे तुम्ही, चिकाचे हात पुसत. त्याचं पुढे लग्न झालं, मुलं झाली, बायको गेली, घरात सून आली. मी शाळेत दुसऱ्यांच्या मुली शिस्तीत वाढवल्या. मला विचारलं असतंत तर कदाचित मीच नाही म्हटलं असतं. मला तेव्हा शेणाचा वास सोसत नव्हता, मुंबई हवी होती. पण ते 'नाही' माझं होतं. तुम्ही ते माझ्या तोंडून काढून घेऊन परस्पर वापरलंत. आणि ज्याला जावई करून घेतलं नाहीत, त्याच्याच गळ्यात घराची राखण बांधलीत. इतका भरवसा होता, तर माणूस वाईट कुठे होता?

दलालाला मी नारळी पौर्णिमेला काय ते सांगणार आहे. त्याच्या आत मला तुमचं उत्तर हवंय. लेखी. "तुज्या बऱ्यासाठी" एवढंच लिहिणार असाल तर शाई फुकट घालवू नका.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, त्यामुळे ते माझ्या उशाखालीच राहील. म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, गाऱ्हाणं नीट ऐकू आलं नाही, परत घाला. मला सगळं ऐकू आलं होतं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून घातलं, आणि शेवटी त्याच्या आधी "व्हय म्हाराजा" मी म्हटलं.