पावण्यांसाठी चिरलेला कांदा

बनू,

शिवणाच्या क्लासावरनं आलीस की पयलं हे वाच. तुला बघाय येणाऱ्या पावण्यास्नी आणाय मी तासगावच्या स्टँडवर चाललोय. भज्यांचा कांदा चिरून, मीठ लावून पातेल्यात झाकलाय. वरनं पाणी घालू नगं, त्याचं त्यो सोडतो. त्यात मावंल तेवढंच बेसन घाल. पावणं टेकल्याबिगर तळाय घेऊ नगं. शेजारच्या शालूबाईला पिठाला हात लावू देऊ नगं, ती सोडा घालती. कुणी इचारलं तर भजी मीच केली म्हण. खोटं न्हाई, तळणार तूच हाईस.

कांदा लय झालाय, ओरडू नगं. पलटणीच्या लंगरात वीस वर्सं शंभर जवानांचं रांधलं, हात आखडता घ्याय जमत न्हाई. तुजी आय गेल्यावर दोघांचं माप तुज्यापायी शिकलो.

पोरगा चांगला हाय म्हणत्यात. मनाला आला तर व्हय म्हण, माजा इचार करत बसू नगं.

फकस्त सासरी जायच्या आधी, एकट्याला किती कांदा लागतो, ते फळीवरच्या डब्यावर खडूनं लिहून ठेव.

तुजा आबा