कुसुमच्या उरलेल्या गोळ्या

१४ डिसेंबर २००६, बाभुळगाव

आज माझ्या बायकोची, कुसुमची तेरवी झाली. पंगत उठल्यावर मावशी माझ्यापाशी आली. "सूनबाईच्या त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या फेकू नको बापू. मले दे, माहे गुडघे लय दुखते."

डोकंच फिरलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर कुसुमच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलं, म्हणून डॉक्टरांनी ते व्हिटॅमिन डी दिलं होतं. बजावलं होतं की दर महिन्याला रक्त तपासा, वरून कॅल्शियमचं काही देऊ नका. आणि ही मावशी ताकद येते म्हणून रोज तिच्या वरणात पानाच्या डबीतला चुना कालवत होती. वरणात चुना, म्हणजे कॅल्शियमच! ते रक्तात नको तितकं वाढलं. उलट्या झाल्या, तहान थांबेना, ती बरळायला लागली, तरी मावशी म्हणे पित्त आहे.

मी कधी कोणाला उलट बोललो नाही. आज सगळ्यांसमोर ओरडलो, "तुझ्या चुन्यानं गेली ती!"

मावशी रडायला लागली. "मले काय मालूम? डॉक्टरनं तं तुले सांगतलं होतं ना?"

तिला मी सांगितलंच नव्हतं. रक्त तपासायचंही राहिलं. मी नोकरीला आहे त्या खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग होती, सुटी मिळाली नाही, असं सगळ्यांना सांगतो. सुटी मी मागितलीच नव्हती.