फोन बदलला म्हणून

दि. ९ मार्च, रविवार दुपार

वहिनी,

नमस्कार. आज सकाळी फोनवर एवढं बोलून झालं, आणि आता हे पत्र. तुम्ही म्हणाल, हिला झालंय तरी काय. पण फोनवर माझ्याच्याने झालं नाही.

मी बरी आहे. खोकला गेला. लॅबमध्ये कामाचा ढीग आहे. या आठवड्यात नऊ कवळ्या गेल्या, त्यातली एका आजोबांची तिसऱ्यांदा परत आली. त्यांची तक्रार काय, तर हे दात माझे वाटत नाहीत. मी म्हटलं, आजोबा, नाहीतच ते तुमचे. दादाला सांगितलं असतं तर आठवडाभर तेच म्हणत फिरला असता.

सकाळी तुम्ही विचारलंत, "तुझा तो जुना टॅब कुठे आहे गं? माझा भाचा म्हणत होता, यांचे मेसेज फोनवर आले नसले तरी त्याच्यावर आलेले असू शकतात. बघ ना जरा. शेवटचं काही लिहिलं असेल." मी म्हटलं, शोधते. टॅब शोधायला नको, वहिनी. फ्रिजवर आहे. चार महिने तिथेच आहे.

आधी फोनचं सांगते. सगळ्यांना मी सांगितलं की लॅबचं ऑर्डर घ्यायचं नवं अ‍ॅप माझ्या जुन्या फोनवर चालत नाही, म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा घेतला. अ‍ॅप खरंच चालत नव्हतं. पण लॅबमध्ये तिघींकडे तसाच जुना फोन होता आणि त्यांना मालकीणबाईंनी लॅबचा फोन वापरायला दिला. मलाही देत होत्या. मी नको म्हटलं.

दादाला विसरायला होत होतं. तुमच्याजवळ चष्मा, किल्ल्या विसरायचा आणि तुम्ही हसायचात, तसं नव्हे. मागच्या वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याचा मला पहिला मेसेज आला: "आज चौथ्या स्टॉपनंतर कुठे वळायचं ते आठवेना. मागून एक बाई म्हणाली, ड्रायव्हर, डावीकडे." बावीस वर्षं त्याच मार्गावर गाडी चालवलेला माणूस. मी लगेच फोन केला तर त्याला धड बोलता येईना. घाबरला की त्याचे शब्द अडायचे, लिहिता मात्र यायचं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. म्हणाला, "बारके, हिला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी त्याच्या मागे लागले, भांडले, तेव्हा कुठे त्याने कंबरदुखी सांगून गाडी सोडली आणि डेपोच्या ऑफिसात बसायला लागला. तुम्हांला वाटलं, कंबर. त्याच्या गाडीत रोज चाळीस-पन्नास माणसं बसायची आणि मी दोन महिने गप्प होते, हेही आहेच.

मग त्याने स्वतःच्या फोनवर काहीतरी करून घेतलं. तो कुठे आहे ते माझ्या फोनवरच्या नकाशात दिसायचं, एक निळा ठिपका. "मी चुकलो तर तू बघ," म्हणाला. पहिल्यांदा मला बरं वाटलं. नंतर, वहिनी, मी दिवसभर तोच ठिपका बघत बसायची. एका हातात कवळीचं मेण कापायची सुरी, दुसऱ्या हातात फोन. दिवसातून चार-पाच मेसेज यायचे. "मी कुठे आहे ते बघ ना." मी बघायची आणि लिहायची: सरळ जा, औषधाचं दुकान लागेल, तिथून उजवीकडे. तो पोचला की लिहायचा, "पोचलो. तू होतीस म्हणून." एकदा तर तुमच्याच इमारतीच्या खाली उभा राहून विचारत होता.

मी थकले होते. ही सबब नव्हे, झालं ते सांगतेय. त्याच्या मेसेजचा आवाज आला की फोन उचलावासा वाटायचा नाही. नवा फोन घेतला तो या आवाजापासून सुटायला.

दुकानातला माणूस भला होता. म्हणाला, "मॅडम, तुमचा नंबर जुन्या कंपनीकडून काढून घ्या. नाहीतर त्या कंपनीचे फोन वापरणाऱ्यांचे मेसेज तिकडेच जात राहतील, इकडे येणार नाहीत. आणि नकाशातली माणसंही यात दिसणार नाहीत." त्याने कागदावर सगळं लिहून दिलं. दहा मिनिटांचं काम होतं. मी घरी आले आणि ते केलं नाही. विसरले नाही. केलं नाही.

सात आठवडे माझा फोन शांत होता. मला झोप लागायला लागली. तुम्ही म्हणालात ना, तब्येत सुधारली गं तुझी.

मेसेज कुठे जात होते ते मला माहीत होतं. टॅब जुन्याच कंपनीचा. स्वयंपाक करताना गाणी ऐकायला मी तो ओट्यावर ठेवायची. त्यावर दादाचे मेसेज यायचे, मी कधी उत्तर द्यायची, कधी दोन दिवसांनी द्यायची. तो कधी चिडला नाही. "कामात असशील," एवढंच.

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी कणीक मळत होते. चार वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला: "बारके, मी कुठे आहे ते बघ ना." हाताला कणीक होती. मनात आलं, तासाभरात पोचेल आपला आपण, दर वेळी पोचतो. मी टॅब पालथा घातला, आवाज बंद केला आणि फ्रिजवर ठेवून दिला. त्यावर ठिपका अजून दिसायचा, नुसता नकाशा उघडायचा होता.

आठ वाजता तुमचा फोन आला, "हे अजून आले नाहीत." मी तशीच निघाले. दोन दिवस आपण दोघी हॉस्पिटलं, डेपो, बाजार, सगळं पालथं घातलं. तुमची चप्पल तुटली तर तुम्ही अनवाणी चाललात. पहिल्याच रात्री, जिन्यात, तुम्ही माझे दोन्ही हात धरून विचारलंत, "तुला काही लिहिलं होतं का गं त्यांनी?"

मी म्हणाले, "नाही."

तो शब्द का निघाला ते मी चार महिने शोधतेय. हो म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, त्याचं आजारपण, माझं गप्प बसणं, पालथा टॅब. मी मनाशी म्हटलं, त्या मेसेजमध्ये जागेचं नाव तरी कुठे आहे, सांगून काय उपयोग. आधी तो घरी येऊ दे, मग सांगू. टॅब माझ्या घरी होता. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. रिक्षाने वीस मिनिटं.

तिसऱ्या दिवशी तो जुन्या डेपोत सापडला. गाड्यांच्या खाली उतरून दुरुस्ती करायच्या त्या खड्ड्यात. त्याचा फोन तिथल्या पाण्यात पडून बंद झाला होता. पोलिसांनी मला विचारलं, तर मी म्हटलं, मी फोन बदललाय, त्याचे मेसेज मला येतच नाहीत. तुम्हीच मला जवळ घेतलंत. आल्यागेल्याला तुम्हीच सांगत बसलात, "फोन बदलला म्हणून झालं हो, हिचा काय दोष." डॉक्टर म्हणाले होते, खुबा मोडला होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जीव होता. ते ऐकतानाही तुमचा हात माझ्या पाठीवर होता.

तुम्ही अजून विचारता, अकरा वर्षं बंद पडलेल्या डेपोत हे गेलेच कशाला. तो कामावर गेला होता, वहिनी. त्याच्या हिशेबी तो डेपो चालू होता.

बाकीचे मेसेज मी त्याला पोचवून आल्यावर वाचले. ते असे आहेत.

चार बावन्न: "डेपोत आलोय. गाड्या कुठे गेल्या सगळ्या?"

पाच वीस: "पडलो. पाय हलत नाही. तू बघतेयस ना?"

सहा पाच: "बारके."

सात चाळीस: "हिला सांग, जेवायला थांबू नकोस."

हा शेवटचा निरोप तुमचा होता. तुम्ही त्या दिवशी आठपर्यंत ताटं वाढून बसला होतात, आणि मी तुम्हांला तो आजपर्यंत दिला नाही.

टॅब या पत्राबरोबर पाठवतेय. पासवर्ड काढून टाकलाय, उघडलात की समोरच दिसेल. भाच्याला दाखवा, पोलिसांना दाखवायचा तर तोही दाखवा. मी आहे ते सांगेन. मला माफ करा असं लिहायला बसले होते, पण तुम्ही कराल अशी भीती वाटते, आणि ते मला सोसणार नाही.

येत्या रविवारी फोन आला नाही तर मी समजेन. कुणी विचारलं तर खरं सांगा. फोनवर आळ ठेवू नका आता.

तुमच्याशी खोटं बोललेली,
बारकी