मल्लन्नाच्या गिटारीची घोडी

भैंसा, ७ ऑक्टोबर १९५६
सगळं फिरलं ते गिटारीच्या खुंटीच्या त्या दोन पिळांत. त्याआधी मी मल्लन्नाचा शागीर्द होतो.
आज आमचा जिनिंग कारखाना सुरू. बाया कापूस निवडायला बसल्या, गाणी लागली. फिटर मल्लन्नाच्या जागी नवा माणूस. मल्लन्नाच्या गिटारीचा खिळा रिकामा.
निवडणाऱ्या बायांतली गंगामावशी म्हणाली, "गुडीहत्नूरला भाच्याकडं सायकली दुरुस्त करून राह्यला तो. वाजवत नाही म्हणे आता. काऊन रे, तुला ठावं नाही?"
ठावं नाही म्हटलं.

९ ऑक्टो.
मल्लन्नाला पहिल्यांदा ऐकलं तो दिवस. हैदराबादचं कॉलेज अर्ध्यात टाकून आलेलो. शिकवणं उर्दूचं इंग्रजी झालं, मास्तराशी भांडलो, असं लोकांना सांगतो. खरं कारण सुमती, इथल्या कचेरीतल्या पेशकाराची मुलगी.
जेवणाच्या सुट्टीत मल्लन्ना पोत्यावर बसलेला. कोण्या सोल्जराची जुनी गिटार. बाई ओवीत श्वास घेई तिथं गिटारही थांबे. तेलुगू माणूस, आमच्याच ओव्या त्यानं मला शिकवल्या.

१२ ऑक्टो.
लिहून टाकतो. मार्चात गिटार मागून सु.कडे नेली. मल्लन्ना मला तम्मी, म्हणजे धाकटा भाऊ म्हणे. त्यानं बजावलं होतं, "खुंटी नको पिळू तम्मी. बायांच्या गळ्यावर लावली ती."
सु. पेटी वाजवते. गिटार पेटीहून खाली बोलत होती. "अडाणी माणूस, सूर कळत नाही," म्हटलं मी सु.ला, आणि दोन पीळ दिले. तारा धरणारी लाकडी घोडी चर्र करून उखडली. डिंकानं चिकटवून खिळ्याला टांगून आलो. बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी वाजवताना घोडी उडाली, तार त्याच्या डोळ्याखाली बसली. रक्त. "उन्हानं सुटली असल," म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तम्मी, तुला नाही ना लागली?"
नाही म्हटलं. एवढंच.

१८ ऑक्टो.
पुढच्या महिन्यात हैदराबाद राज्य फुटणार; सु.च्या वडिलांनी नोकरीसाठी मुंबई राज्य लिहून दिलं. पेशकारी आता नांदेडला. आमी इकडंच, आंध्रात. परवा सकाळची मोटार.
सु. दारातच म्हणाली, "सांगितलं मल्लन्नांना?"
"सांगीन."
"सात महिने झाले. मग मोटारीवर पोचवायला नका येऊ."
भडकलो. तिच्या बापाच्या नावानं काय काय बोललो, लिहवत नाही.
ती हळूच म्हणाली, "डिंक मीच आणून दिला होता."

२० ऑक्टो., सकाळ
सागाची घोडी तासली. दोन बिघडल्या, तिसरी बरी. तारांच्या खाचा पाडल्या नाहीत, त्या त्याच्या हातच्या.
निर्मल गावाला जाणारी कापसाची लॉरी सातला, तिथून पुढं गुडीहत्नूर. सु.ची मोटार आठला. तिला पोचवून मग जाईन म्हटलं तर जाणार नाही. मला मी ओळखतो.
आई विचारते, "मोटारस्टँडवर का?"
"मल्लन्नाकडं."
"आता काऊन?"

गिटार ठेवली असेल का चुलीत घातली, माहीत नाही. डोळ्याखाली वण तर असेलच.
घोडी खिशात. वही इथंच ठेवतो, दार ओढून घेतो.